हिपॅटायटिस बी: गोळी आत्ताच सुरू करावी की थांबावं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४३, पुरुष. दीड वर्षापूर्वी रक्तदान केलं तेव्हा हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं. त्रास काहीच नाही. एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन, ते रक्तात सापडलं म्हणजे संसर्ग आहे) पॉझिटिव्ह, एचबीईएजी (विषाणूचंच दुसरं एक प्रथिन) निगेटिव्ह. डीएनए, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ६,८०० आययू प्रति मिली. यकृताचा दाह दाखवणारी एसजीपीटी ही रक्ततपासणी तीनदा केली, ३९, ४७ आणि ४४ आली. लॅबच्या कागदावर ५०पर्यंत नॉर्मल लिहिलंय. तिच्याच जोडीची एसजीओटी ३८, नॉर्मल ४०पर्यंत. प्लेटलेट १ लाख ६८ हजार. सोनोग्राफी नॉर्मल, यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन ७.८. एक डॉक्टर म्हणतात, घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. दुसरे म्हणतात, टेनोफोव्हिर ही विषाणू दाबणारी गोळी सुरू करा. धाकटा भाऊ म्हणतो, जन्मभर गोळ्या खाण्यापेक्षा वर्षभर इंजेक्शनं घे आणि मोकळा हो. ‘एकदा गोळी सुरू केली की कायमचा अडकलो, म्हणून जमेल तितकं लांबवावं असं वाटतं. बायकोला अजून सांगितलेलं नाही, पण माझं ताट-पेला वेगळा ठेवतो. वडील बारा वर्षांपूर्वी यकृताच्या कॅन्सरनं गेले, पण त्यांना दारूची सवय होती.’

तुमचं पत्र वाचताना सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या वाक्यापाशी गेला. वडिलांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि दारूचं कारण देऊन ते बाजूलाही ठेवलंय. ते दोन्ही डॉक्टरांना सांगितलंत का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. दारू हे कारण असेलही. पण हिपॅटायटिस बी घराघरांत पुढच्या पिढीकडे जाणारा आजार आहे, बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी घरातल्या कुणाकडून. वडिलांची एचबीएसएजी कधी झाली होती का, हे आता कदाचित कळणारही नाही. तरी जवळच्या नात्यात यकृताचा कॅन्सर होऊन गेला असेल तर हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाचा धोका वाढतो, आणि उपचारांचा निर्णय करताना ही गोष्ट मोजली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत तर कुटुंबात यकृताचा कॅन्सर किंवा सिरॉसिस (व्रणांनी यकृत घट्ट, गाठाळ होणं) असणं हे उपचार सुरू करायला एकट्यानं पुरेसं कारण धरलं आहे, मग डीएनए आणि एसजीपीटी काहीही असो.

दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात, तेही यावरून समजेल. त्यांच्यातला कुणीतरी चुकतोय असं समजू नका. याच संघटनेची २०१५ची सूचना होती की सिरॉसिस नसेल तर वय तीसच्या वर, एसजीपीटी सतत वाढलेली आणि डीएनए २०,०००च्या वर असेल तेव्हा औषध द्या. त्या पट्टीनं तुमचे ६,८०० खालीच राहतात. २०२४मध्ये हा उंबरठा २,०००वर आला, आणि त्याबरोबर एसजीपीटीची ‘नॉर्मल’ मर्यादाही पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरली गेली. आजही काही तज्ज्ञ-संस्था एसजीपीटी मर्यादेच्या दुप्पट व्हायची वाट पाहायला सांगतात, काही तसं सांगत नाहीत. म्हणजे तुमच्यासारखे रिपोर्ट एका पट्टीनं ‘थांबा’च्या बाजूला पडतात आणि दुसरीनं ‘सुरू करा’च्या.

आता ‘एसजीपीटी तर नॉर्मलच आहे’ या समजुतीकडे येऊ. लॅबच्या कागदावरचा ५०चा आकडा पुष्कळ लोकांची रक्तं तपासून काढलेला असतो, आणि त्या लोकांत चरबीचं यकृत असलेले, थोडीफार दारू घेणारे असे सगळेच असतात. त्यामुळे ती मर्यादा सैल होते. तुमचे ३९, ४७, ४४ हे तिन्ही आकडे तिशीच्या वर आहेत आणि तिन्ही वेळा वर आहेत. एखादी एसजीपीटी ताप, जड व्यायाम किंवा एखाद्या औषधामुळे चढू शकते, पण वर्ष-दीड वर्ष सतत वर राहिली तर यकृतात मंद दाह चालू आहे असंच धरून चालायला हवं. तुमचं वजन जास्त असेल किंवा साखर असेल तर या आकड्यात चरबीचाही वाटा असू शकतो. तो वेगळा तपासावा लागेल, कारण तो वाटा टेनोफोव्हिरनं कमी होत नाही.

आणखी एक हिशेब तुम्हाला घरी कागदावर करता येईल. त्याला ॲप्री म्हणतात. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेनं भागा, १००नं गुणा आणि हजारांत मांडलेल्या प्लेटलेटनं भागा. तुमचे ३८ भागिले ४० म्हणजे ०.९५, गुणिले १०० म्हणजे ९५, भागिले १६८ म्हणजे साधारण ०.५७. मोठ्या माणसांत हा आकडा ०.५च्या वर गेला तर यकृतात लक्षणीय व्रण म्हणजे फायब्रोसिस असण्याची शक्यता धरतात, आणि १च्या वर गेला तर सिरॉसिसची. तुमच्या कागदावर एसजीओटी नॉर्मल, प्लेटलेट नॉर्मल असं सुटं सुटं लिहिलंय. दोन्ही एकत्र मांडले की चित्र थोडं वेगळं दिसतं.

फायब्रोस्कॅनचा ७.८ही त्याच दिशेला बोट दाखवतो, कारण ७ किलोपास्कलच्या वर लक्षणीय फायब्रोसिस आणि १२.५च्या वर सिरॉसिस धरतात. पण हे यंत्र फसतं, आणि कशानं फसतं ते माहीत असलेलं बरं. तपासणीआधी किमान तीन तास पोट रिकामं हवं. जेवून लगेच केली तर यकृताकडे जाणारं रक्त वाढतं आणि आकडा वर जातो. एसजीपीटी खूप चढलेली असताना केली तरी तेच होतं. रिपोर्टवर ‘आयक्यूआर बाय मीडियन’ अशी एक टक्केवारी असते. ती ३०च्या आत असेल आणि निदान दहा मोजमापं घेतलेली असतील तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो. तुमचा रिपोर्ट काढून हे बघा. जेवून गेला असाल, तर निर्णयाआधी उपाशीपोटी एकदा पुन्हा करून घेणं रास्त आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली याचा मात्र फार आधार घेऊ नका. सुरुवातीचं फायब्रोसिस तिला दिसतच नाही. ती मोठी गाठ, पोटातलं पाणी, यकृताचा खडबडीत पृष्ठभाग यांसाठी असते.

डीएनएच्या रिपोर्टबद्दल एक खबरदारी सगळ्याच वाचकांनी घ्यावी. एकक बघा. काही जुने रिपोर्ट ‘कॉपीज’मध्ये असतात, आणि १ आययू म्हणजे ढोबळमानानं ५ ते ६ कॉपीज. कॉपीजमधला जुना आकडा आणि आययूमधला नवा आकडा शेजारी ठेवून ‘डीएनए पाचपट उतरला’ म्हणून आनंदलेली माणसं असतात. प्रत्यक्षात काहीच उतरलेलं नसतं.

आता तुमच्या मूळ भीतीकडे. ‘एकदा सुरू केली की अडकलो.’ या वाक्यात असं गृहीत धरलंय की आत्ता तुम्ही मोकळे आहात. तसं नाही. विषाणू तुमच्या यकृतपेशींच्या केंद्रकात आपल्या जनुकाची एक छोटी बंद कडी ठेवून बसलेला आहे, आणि त्या कडीवरून नवे विषाणू तयार होत राहतात. गोळी हे प्रती काढणारं यंत्र बंद पाडते. मूळ कागद कपाटातच राहतो. म्हणून गोळीनं डीएनए शून्याजवळ जातो, दाह शमतो, काही वर्षांत फायब्रोसिस मागेही हटतं, कॅन्सरचा धोका कमी होतो. पण एचबीएसएजी जात नाही. गोळीवर असलेल्या तुमच्यासारख्या रुग्णांत ती जाण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात जेमतेम एक, किंबहुना त्याहूनही कमी. तेव्हा ‘बरा होईन’ या आशेनं गोळी सुरू कराल तर वर्षभरात निराश व्हाल, आणि निराश झालेला माणूस गोळी सोडतो. रक्तदाबाची गोळी घेणारा जसा रक्तदाब आटोक्यात आहे की नाही एवढंच बघतो, तसं याकडे बघा.

शिवाय ‘जन्मभर’ हा शब्द सगळ्यांना सारखाच लागू नाही. ज्यांची एचबीईएजी पॉझिटिव्ह होती, ती औषधावर निगेटिव्ह होऊन तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आली, डीएनए सापडेनासा झाला आणि त्यानंतरही किमान १२ महिने औषध चालू ठेवलं, अशांत सिरॉसिस नसेल तर थांबवून पाहतात. तुमच्यासारख्या एचबीईएजी निगेटिव्ह माणसांत तीनेक वर्षं डीएनए सापडत नसेल, सिरॉसिस नसेल आणि पुढच्या तपासण्या नेमानं होतील याची खात्री असेल, तर काही तज्ज्ञ निवडक रुग्णांत थांबवून बघतात. पुष्कळांना परत सुरू करावी लागते. दार पूर्ण बंद नाही, एवढं लक्षात ठेवा, पण ते उघडेलच या हिशेबानं सुरुवात करू नका.

भावानं सुचवलेल्या इंजेक्शनांचा पर्याय खरा आहे, थाप नाही. पेगइंटरफेरॉन, १८० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा त्वचेखाली, ४८ आठवडे. त्याची ओढ समजते, कारण त्याला शेवटची तारीख आहे. पण ‘घे आणि मोकळा हो’ हे अर्धसत्य आहे. एचबीईएजी निगेटिव्ह रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी एचबीएसएजी गेलेले शंभरात साधारण चार होते. बाकीच्यांपैकी काहींचा डीएनए खाली राहिला, काहींचा हळूहळू परत वर आला. या औषधाचा जास्त उपयोग एसजीपीटी बरीच चढलेल्या, डीएनए फार नसलेल्या तरुण रुग्णांत होतो, आणि विषाणूचा जनुकप्रकार ए असेल तर त्याहून जास्त. तुमची एसजीपीटी चाळिशीत रेंगाळतेय, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती फार चवताळलेली नाही. इंटरफेरॉनला ज्या आगीला फुंकर घालायची असते तीच मंद आहे. आणि ते वर्ष सोपं नसतं. सुरुवातीचे कित्येक आठवडे इंजेक्शनानंतर ताप, अंगदुखी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, थायरॉइड बिघडू शकतं, मन खचतं. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलंय, ज्यांना स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार आहेत, त्यांनी ते टाळावं. गर्भवतीला आणि यकृत निकामी होऊ लागलेल्या माणसाला ते देतच नाहीत. तरी घ्यायचं ठरलंच, तर बाराव्या आठवड्याला डीएनए आणि एचबीएसएजीचं प्रमाण मोजून घ्या. दोन्ही हलले नसतील तर उरलेले ३६ आठवडे ओढण्यात अर्थ नाही.

मग गोळ्यांपैकी कोणती? तीनच नावं लक्षात ठेवा. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल, म्हणजे टीडीएफ, ३०० मिलिग्रॅम रोज एक, जेवणाशी संबंध नाही. टेनोफोव्हिर ॲलाफेनामाइड, म्हणजे टीएएफ, २५ मिलिग्रॅम, जेवणासोबत. आणि एन्टेकाव्हिर ०.५ मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी: आधीच्या जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. एन्टेकाव्हिर जेवणाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशा तक्रारींमागे कधी कधी एवढंच निघतं. टीडीएफ जुनी आणि भरवशाची, पण काहींत मूत्रपिंडावर ताण आणते आणि हाडांची घनता कमी करते. म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि लघवीतलं प्रोटीन बघावं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, हाडं ठिसूळ असतील, किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर टीएएफ किंवा एन्टेकाव्हिर बरी. टीएएफवर थोडं वजन आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं, आणि क्षयावरची रिफॅम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर ती चालत नाही. टीडीएफ घेताना अंगदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनानं घेत राहू नका. दोन्ही मिळून मूत्रपिंड दुखावतात.

लॅमिव्हुडिन कुणी पहिलं औषध म्हणून लिहून दिलं तर कारण विचारा. एकटी घेतल्यास पाच वर्षांत दहापैकी सातांच्या आसपास रुग्णांत विषाणू तिला जुमानेनासा होतो. टेनोफोव्हिरमध्ये हे जवळजवळ घडत नाही, आणि पूर्वी कोणतंच औषध न घेतलेल्यांत एन्टेकाव्हिरमध्येही क्वचितच. पूर्वी लॅमिव्हुडिन घेतलेल्या वाचकांनी मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्यांच्यासाठी एन्टेकाव्हिर कमकुवत ठरते आणि टेनोफोव्हिरच योग्य.

कोणतीही गोळी सुरू करण्याआधी दोन तपासण्या राहू देऊ नका. एक एचआयव्हीची. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एन्टेकाव्हिर ही औषधं त्या विषाणूवरही कमी-जास्त काम करतात. तो असताना एकटी घेतली तर तो औषधाला सरावतो आणि पुढचा इलाज अवघड होतो. दुसरी हिपॅटायटिस डीची प्रतिपिंडं. हा विषाणू बीच्याच आधारानं जगतो, आजार वेगानं वाढवतो, आणि या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत.

सगळं मांडून पाहिलं तर माझा कौल स्पष्ट आहे. डीएनए २,०००च्या वर, एसजीपीटी सतत तिशीच्या वर, ॲप्री आणि फायब्रोस्कॅन दोन्ही फायब्रोसिसकडे झुकणारे, वय चाळिशीपुढचं, आणि वडील यकृताच्या कॅन्सरनं गेलेले. यातली एकच गोष्ट असती तर थांबण्याचा विचार तरी करता आला असता. पाचही असताना मी गोळीच्या बाजूनं आहे. उद्याच सुरू करा असं नाही, उपाशीपोटी फायब्रोस्कॅन आणि वरच्या तपासण्या होईपर्यंत महिनाभर गेला तरी बिघडत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून, वडिलांचंही ऐकून, तरीही थांबायला सांगितलं तर थांबा, पण थांबण्याला तारखा हव्यात: पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी एसजीपीटी, दर सहा महिन्यांनी डीएनए, वर्षातून एकदा फायब्रोस्कॅन. पत्रात लिहिलेलं ‘जमेल तितकं लांबवावं’ हे याहून वेगळं आहे. त्यात कोणतीच तारीख नाही.

गोळी घेतली काय किंवा थांबलात काय, दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि शक्य असेल तर अल्फा फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी तुम्हाला चुकत नाही. डीएनए सापडेनासा झाला तरी कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता येते. दुखायला लागल्यावर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

गोळी सुरू झाल्यावर खरी गडबड कुठे होते, तेही ऐका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नाही. तिसऱ्या महिन्याला डीएनए आणि क्रिएटिनिन करतात, तुमच्या ६,८००वरून तो बहुधा लवकरच सापडेनासा होईल. वर्ष-दीड वर्षानं रिपोर्ट सलग स्वच्छ येतात, गोळ्यांची बाटली संपते, डॉक्टरांची वेळ मिळत नाही, आणि ‘आता काहीच नाहीये’ म्हणून गोळी राहते. त्यानंतर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, विषाणू उसळतो. एसजीपीटी शेकड्यांत जाते, डोळे पिवळे होतात. सिरॉसिस असलेल्या माणसाचं यकृत या उसळीत निकामीही होऊ शकतं. म्हणून बाटलीत दहा गोळ्या उरल्या की पुढची आणायची, असं ठरवूनच टाका. एखादा दिवस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दारू पूर्ण बंद. आणि ‘यकृत साफ करणारे’ काढे, चूर्णं, पूरक गोळ्या नकोत. त्यातली काही यकृताला खरोखर इजा करतात, आणि मग एसजीपीटी विषाणूमुळे चढली की काढ्यामुळे, हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं.

आता घरचं. ताट-पेला वेगळा ठेवून तुम्ही बायकोचं काहीच रक्षण करत नाही आहात. हा विषाणू एकत्र जेवल्यानं, एका पेल्यातून प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं पसरत नाही. तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, आणि नेमकं तेच दार तुम्ही न सांगितल्यामुळे उघडं राहिलंय. वेगळं ठेवायचं ते रेझर, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर. कुठे रक्त सांडलं तर ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिसळून पुसून घ्या, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस जिवंत राहतो. बायकोच्या तीन तपासण्या करा: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं) आणि अँटी-एचबीसी टोटल (कधीतरी संसर्ग झाल्याची खूण). तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस, आज एक, महिन्यानं दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १०च्या वर गेली की नाही ते बघायचं. तोवर कंडोम. तिला सांगताना रिपोर्टची फाइल आणि लसीची माहिती हातात घेऊनच बसा. बातमीसोबत तिनं काय करायचं तेही तिथंच कळलं, तर तिचा धीर टिकेल. तुम्ही इतके दिवस लपवलं याचा राग येईल, तो येऊ द्या. मुलं असतील तर त्यांचीही तपासणी हवी, लहानपणी लस झाली असली तरी.

याच विषयावर विचारणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी घाईघाईनं. सिरॉसिस असेल तर वर मांडलेला वाद लागूच होत नाही, डीएनए कितीही असो, औषध घ्यायचं. गर्भवती स्त्रीचा डीएनए २ लाख आययूच्या वर असेल तर बाळाला वाचवण्यासाठी टेनोफोव्हिर गरोदरपणातच सुरू करतात, आणि डीएनए कितीही असला तरी बाळाला पहिली लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवी, सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळालं तर उत्तम. मग अंगावर पाजायला हरकत नाही. कुणाला केमोथेरपी, रिटुक्सिमॅब किंवा महिनाभराहून जास्त स्टेरॉइड चालू होणार असेल तर पहिल्या डोसच्या आधी हिपॅटायटिस बीचं सांगा. झोपलेला विषाणू या औषधांनी जागा होतो, आणि तो जागा होण्याआधीच गोळी सुरू करावी लागते.

आणि तुमचा भाऊ. तो तुमच्यासाठी इंजेक्शनांची चौकशी करतोय, पण त्याची स्वतःची एचबीएसएजी झाली आहे का? तुम्ही दोघं एकाच आईवडिलांची मुलं, एकाच घरात वाढलात. आई असेल तर तिचीही. बायकोची तपासणी ज्या दिवशी कराल, त्याच दिवशी या दोघांनाही सोबत न्या.